टिपणीस बाईंचं ‘कदाचित’

आमचा डबिंगचा स्टुडिओ अंधेरीला, मरोळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर होता. खाली पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना, वर आम्ही. परदेशात बनलेले विज्ञानाचे माहितीपट आमच्याकडे यायचे आणि मराठी बोलायला शिकून परत जायचे. पिरॅमिड, कृष्णविवरं, बुडालेली जहाजं, माणसासारखे चालणारे रोबो. माझं काम जुळवाजुळवीचं. आवाज देणाऱ्यांना वेळ द्यायची, स्क्रिप्ट मागे लागून मागवायची, रेकॉर्डिंगला बसायचं. चारकोपहून मरोळला येईपर्यंत निम्मी दमलेली असायचे, त्यामुळे कुठली संस्कृती कधी लयाला गेली याच्याशी मला फारसं देणंघेणं नव्हतं.

वसुधा टिपणीस आमच्याकडे भाषांतराला आल्या तेव्हा साठीच्या आसपास असतील. मुलुंडच्या एका मराठी शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. मराठी माध्यमाचे वर्ग एकेक करत बंद होत गेले. शेवटी बाई उरल्या आणि शिकवायला वर्ग उरला नाही, तेव्हा त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. लग्न केलं नव्हतं. आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, कारण बाई स्वतःबद्दल आपणहून बोलत नसत. स्टुडिओत त्यांना कोणीच नावाने हाक मारत नसे. सगळे नुसतं ‘बाई’ म्हणायचे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. हातात घड्याळ. मी विचारलं, बाई, बसता का? म्हणाल्या, बसून म्हटलेलं वाक्य लांबतं, निवेदक उभा राहून बोलणार आहे. आमचे निवेदक नाईक कधीच उभे राहून बोलले नव्हते. ते आरामखुर्चीत रेलायचे आणि तरीही त्यांचा आवाज दरीतून आल्यासारखा यायचा. पण बाईंना कोणी तसं सांगितलं नाही, आणि त्या शेवटपर्यंत वाक्यं उभ्यानेच म्हणत राहिल्या.

त्यांची आणि नाईकांची पहिल्याच आठवड्यात जुंपली. वाळवंटातल्या एका थडग्याचा एपिसोड होता. थडगं उघडलं आणि उघडणारी माणसं एकामागून एक आजारी पडली, अशी कथा. नाईकांना ‘शापित थडगं’ म्हणायचं होतं. बाईंनी लिहिलं होतं, ‘बंद खोलीतल्या बुरशीमुळे कदाचित हे झालं असावं.’ नाईक स्क्रिप्ट घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, “बाई, या वाक्यात माझ्या आवाजाने काय करायचं?”

“विश्रांती घ्यायची,” बाई म्हणाल्या.

त्या विनोद करत नव्हत्या. नाईक मात्र तीन दिवस ते सगळ्यांना सांगत फिरले, आणि तेव्हापासून त्यांची बाईंशी एक प्रकारची मैत्री झाली. बाईंच्या स्क्रिप्टमध्ये ‘कदाचित’ हमखास असायचं. ‘असावं’, ‘वाटतं’, ‘अजून नक्की सांगता येत नाही’ हेही असायचं, पण ‘कदाचित’ सगळ्यात लाडकं. आमचा मालक रोहित वैतागायचा. तो म्हणायचा, बाई, इंग्रजीत ते एवढंसं आहे, तुम्ही एवढं मोठं लिहिता, सेकंद जातो ना. बाई ऐकून घ्यायच्या आणि वाक्यातलं दुसरं काहीतरी काढायच्या. विशेषण काढायच्या, कधी अख्खी उपमा काढायच्या, ‘कदाचित’ तसंच. मला एकदा म्हणाल्या होत्या, “माहीत नाही ते माहीत आहे म्हणून सांगितलं, की पुढच्या माणसाचं शोधणं थांबतं गं.” मुलांना शिकवतानाची सवय असेल. मला तेव्हा तो नुसता हट्ट वाटला होता.

जेवण त्या एकट्या करायच्या. आम्ही सगळे आतल्या खोलीत डबे मध्ये ठेवून बसायचो. बाई जिन्याच्या वळणावर खिडकीपाशी स्टूल टाकून बसत. बोलावलं तर यायच्या, दोन घास खायच्या, सगळ्यांच्या भाज्यांचं कौतुक करायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जिन्यात. सुरुवातीला आम्हाला ते शिष्टपणाचं वाटलं. पुढे माझ्या लक्षात आलं की आमच्या गप्पा नवरा, मुलं, सासू, शाळांचे प्रवेश यांच्यावर चालायच्या आणि बाई त्यात पाहुण्यासारख्या ओळखीचं हसू धरून बसायच्या. जिन्यात तेवढं हसावं लागत नसेल.

एका एपिसोडमध्ये दगडात कोरलेल्या हजारो वर्षांपूर्वीच्या खोल्या होत्या. तिथे माणूस बोलला की आवाज चारही बाजूंनी परत येतो, असं मूळ स्क्रिप्ट म्हणत होतं. बाईंना ते पटेना. चारही बाजूंनी म्हणजे कसा? वाक्य अडकून राहिलं. शेवटी मीच वैतागून म्हटलं, बाई, महाकालीची लेणी इथे हाकेच्या अंतरावर आहेत, जाऊन बघा ओरडून. त्या लगेच म्हणाल्या, चल. काम संपवून आम्ही रिक्षाने गेलो. संध्याकाळ व्हायची होती, लेणी बंद व्हायला वेळ होता. आत गोल खोलीत दगडी स्तूप आहे, तिथे त्या जाऊन उभ्या राहिल्या आणि मला बाहेर थांबायला सांगितलं.

मला वाटलं, स्क्रिप्टमधलं वाक्य म्हणतील. त्या म्हणाल्या, “ताई.” जरा थांबून पुन्हा, “ताई.” आवाज खरंच सगळीकडून आला. बाहेर आल्या तेव्हा चेहरा नेहमीसारखाच होता. वाक्य बरोबर आहे, ठेव, एवढंच म्हणाल्या. परतीच्या रिक्षात मी विचारलं, ताई कोण? तेव्हा पहिल्यांदा त्यांनी बहिणीबद्दल सांगितलं.

शशीताई त्यांच्याहून मोठी. घाटकोपरला राहायची. यजमान गेलेले, मुलगा कायमचा परदेशी. पूर्वी ती शिवणकाम करायची. अख्ख्या गल्लीच्या ब्लाउजची मापं तिला पाठ होती म्हणे. मग तिला कंपवात झाला. हात थरथरायला लागले, शिवण सुटलं, नंतर कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागायला लागला. दिवसभर सांभाळायला एक मावशी असायच्या. बाई आठवड्यातून दोनदा मुलुंडहून बसने जायच्या. दोघींनी एकत्र का राहू नये, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, ती तिचं घर सोडत नाही, मी माझं सोडत नाही, आम्ही टिपणीस आहोत. मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या की माझे सगळे एपिसोड बघणारी एवढी एकच बाई आहे मुंबईत. दुपारी लागतात ना, तिला झोप येत नाही.

हे मी लांबण लावून सांगतेय, कारण पुढे जे झालं ते या बहिणीवरूनच झालं.

नव्या तंत्रज्ञानावरची एक मालिका आली होती. तिच्यातला एक एपिसोड मेंदूवर होता, आणि त्यात काही मिनिटं कंपवातावर. परदेशातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी मेंदूत सोडतात आणि थरथर थांबते, असा तो भाग. प्रयोग अजून प्राण्यांवरच चालू होता. बाईंनी त्या स्क्रिप्टला इतरांपेक्षा जास्त वेळ घेतला. शेवटी लिहिलं होतं, ‘माणसांच्या बाबतीत हे कदाचित जमेल, कदाचित जमणारही नाही. अजून बरीच वर्षं लागतील.’ नाईकांनी ते छान म्हटलं. त्या दिवशी ते खरोखर उभे राहून बोलले, असं मला आठवतं. आम्ही रेकॉर्डिंग पाठवून दिलं.

पुढे ते कोणाच्या हातात गेलं, कोणी कापलं, कुठे कापलं, ते आम्हाला कधीच नीट कळलं नाही. जाहिराती वाढल्या असतील, वेळ कमी पडला असेल. चॅनलवर लागलं तेव्हा शेवटची दोन्ही वाक्यं नव्हती. त्यांच्या जागी कुणा दुसऱ्याच आवाजात एक ओळ घातली होती : ‘कंपवातावर विज्ञानाने अखेर विजय मिळवला आहे.’

बाईंनी तो एपिसोड बघितला नव्हता. त्यांच्याकडे टीव्ही होता, पण त्या स्वतःचं काम कधी बघत नसत. त्यांना शशीताईकडून कळलं. एका दुपारी त्या स्टुडिओत आल्या, काम नसताना, आणि मला म्हणाल्या की तो एपिसोड जसा लागला तसा मला दाखव. मी फोनवर लावून दिला. हेडफोन घालून त्यांनी तो पाहिला, मग तेवढाच भाग पुन्हा पाहिला. फोन परत देताना त्यांचा हात स्थिर होता. रोहितकडे गेल्या आणि हे पुढच्या वेळी दुरुस्त करून लावायला सांगा, म्हणाल्या. रोहित वाईट माणूस नव्हता. पण तो म्हणाला, बाई, ते चॅनलवाल्यांनी केलंय, आपला काय संबंध? आपलं बिल पास झालंय, आता कशाला पंगा? बाईंनी स्वतः चॅनलला फोन केले. तिथल्या एका मुलीने त्यांना समजावून सांगितलं की मॅडम, लोकांना पॉझिटिव्ह बघायला आवडतं.

मी बाईंना जिन्यापर्यंत सोडायला गेले. तिथे त्या थांबल्या. ताई काय म्हणाली ते त्यांनी मला तेव्हा सांगितलं. ताईने एपिसोड बघितला, मावशींना बोलावून दाखवला, आणि म्हणाली, “माझ्या वसूने लिहिलंय हे. म्हणजे खरंच असणार. ती उगाच काही लिहीत नाही.”

शनिवारी माझ्याबरोबर घाटकोपरला येशील का, असं बाईंनी विचारलं. मी स्टुडिओतली, मी सांगितलं की वाक्य कापलं गेलं, तर ताईला पटेल. “माझ्या तोंडून ते निघणार नाही,” बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याची ती पहिलीच वेळ. मी गेले.

शशीताईचं घर तळमजल्यावर होतं. दार मावशींनी उघडलं. शशीताई खुर्चीत बसल्या होत्या, बाईंपेक्षा ठेंगण्या, गोऱ्या, केस नीट विंचरलेले. हात मांडीवर होते आणि ते आपल्याच तालात हलत होते. आम्हाला बघून त्यांना फार आनंद झाला. माझं नाव त्यांना माहीत होतं, नाईकांचंही. त्या थडग्याच्या एपिसोडवर त्या बोलल्या, बुडालेल्या जहाजावर बोलल्या. आणि बोलता बोलता खिडकीकडे बघून म्हणाल्या, बघ वसू.

खिडकीपाशी शिलाई मशीन होतं. बाई बघतच राहिल्या. मशीन बरीच वर्षं माळ्यावर होतं, हे मला नंतर कळलं. शशीताईंनी माणूस बोलावून ते खाली काढून घेतलं होतं, तेल घालून घेतलं होतं, नवा पट्टा बसवून घेतला होता. सुईत दोरासुद्धा ओवलेला होता. मावशी म्हणाल्या की तो मी ओवला, आजींनी बाजूला बसून सांगितलं.

मी बाईंकडे बघत होते. आता सांगायचं, असं मी मनाशी ठरवत होते. वाक्य जुळवलेलं होतं.

“वसू,” शशीताईंनी विचारलं, “आपल्याकडे कधीपर्यंत येईल गं ते?”

बाई मशीनपाशी गेल्या. चाकावर हात ठेवला. चाक सहज फिरलं, चांगलं तेल घातलेलं होतं.

“येईल,” त्या म्हणाल्या. “थोडा वेळ लागेल, पण येईल.”

“नक्की?”

“नक्की.”

चहा आला. शशीताईंचा कप बाईंनी धरला आणि त्यांना पाजला, आणि त्या सबंध वेळात शशीताई सांगत होत्या की हात बरा झाला की पहिल्यांदा तुझा ब्लाउज शिवीन, हल्लीचे शिंपी तुला गबाळं शिवून देतात. बाई हो हो म्हणत होत्या.

बसस्टॉपवर आम्ही बराच वेळ उभ्या होतो. मुलुंडची बस येत नव्हती. मी काहीतरी बरं वाटेल असं बोलायला गेले, की तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत. बाईंनी मला थांबवलं.

“ते वाक्य आता माझं झालं, मीनल,” त्या म्हणाल्या. “आता मी कोणावर रागवू?”

त्यानंतर त्यांनी चॅनलला फोन केला नाही. हातातला एपिसोड पुरा करून दिला आणि पुढचं काम घेतलं नाही. रोहितला वाटलं, चिडल्या. त्याने मला त्यांची समजूत घालायला सांगितलं. मी फोन केला तर बाई शांतपणे म्हणाल्या की मला आता वेळ होणार नाही, ताईकडे जास्त जावं लागतं.

त्या जास्त जायला लागल्या, हे खरंच होतं. आणि दर वेळी शशीताई विचारायच्या, काही कळलं का गं पुढचं? एकदा ‘नक्की’ म्हटल्यावर पुढचं काहीच नाही असं कसं म्हणणार? बाई सांगायला लागल्या. आधी थोडंसं. प्रयोग पुढच्या टप्प्यात गेलाय. मग अजून थोडं. मग त्या प्रयोगशाळेत एक डॉक्टरीण आली, तिला स्वतःलाही एक बहीण आहे. मग कुठल्याशा थंड गावातल्या एका म्हातारीने उपचारांनंतर हातात सुई धरली. हे मला ठाऊक आहे, कारण बाई मधूनमधून मला फोन करायच्या. प्रश्न विचारायच्या. अशा प्रयोगशाळेला खिडक्या असतात का गं? तुझ्याकडच्या जुन्या एपिसोडमध्ये बर्फातली एखादी इमारत आहे का, मला फोनवर पाठवशील? मी पाठवायचे. एकदा नाईकांनी ऐकलं आणि विचारलं, बाई कसलं लिहितायत? मी म्हटलं, काहीतरी घरचं आहे. एवढं मोठं खोटं एक एक वाक्य करत रचायचं, आणि तेही अशा बाईने, जिने एका थडग्यालाही शापित म्हणू दिलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मला पुढचं काम सुचायचं नाही. पण त्यांच्या आवाजात त्या दिवसांत एक हुरूप असायचा, तोही मी ऐकलेला आहे. तो मी आधी कधी ऐकला नव्हता.

शशीताई गणपती झाल्यावर गेल्या. झोपेतच. मला उशिरा कळलं. बाईंनी कोणाला कळवलंच नव्हतं. मावशींनी स्टुडिओत फोन केला, कारण तो नंबर शशीताईंच्या फ्रिजवर चिकटवलेला होता.

मी मुलुंडला भेटायला गेले तोपर्यंत दिवाळी जवळ आली होती. त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होते. चौथा मजला, लिफ्ट नाही. दोन खोल्या, दोन्ही स्वच्छ. पाहुण्यासाठी दुसरी खुर्ची आतून आणावी लागली, तिच्यावरचं वर्तमानपत्रांचं बंडल बाजूला ठेवून. शिलाई मशीन तिथे नव्हतं. ते मावशींना दिलं, म्हणाल्या, त्यांची सून शिवते.

त्या चहा करायला आत गेल्या. मला वाटलं, मी उगाच आले. मग समोर बसून त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. शेवटच्या आठवड्यातल्या एका दुपारी त्या ताईला डॉक्टरणीची गोष्ट सांगत होत्या. बर्फ पडून रस्ता बंद झाला तरी ती चालत प्रयोगशाळेत कशी पोचली, वगैरे. ताई डोळे मिटून ऐकत होती. गोष्ट संपल्यावर म्हणाली, “वसू, तू हल्ली फार छान सांगतेस. आधी किती कोरडं सांगायचीस.”

बाईंनी कप खाली ठेवला.

“तिला कळलं होतं का गं सगळं?” त्यांनी मला विचारलं. “मी त्या वेळी विचारलं नाही. आता कोणाला विचारू?”

मी तिकडे त्या दुपारी नव्हते. आणि असते तरी मला काय कळलं असतं.

निघताना मी त्यांना सांगितलं की समुद्राखाली बुडालेल्या एका शहरावर नवीन मालिका आली आहे, नाईकांनी मुद्दाम तुमचं नाव काढलंय. बाईंनी नाईकांची विचारपूस केली, त्यांच्या मुलीचं लग्न झालं का ते विचारलं. मालिकेला नाही म्हणाल्या. माझा हात बिघडला आता, म्हणाल्या. तू अधूनमधून ये, असंही म्हणाल्या, आणि मी हो म्हटलं. नंतर दोनदा फोन केला, त्या उचलून थोडंसं बोलल्या. मग स्टुडिओ बंद झाला. आता निवेदन मशीनच करतं म्हणे, माणूस लागत नाही. मी मालाडच्या एका ऑफिसात लागले आणि मुलुंड माझ्या वाटेवर राहिलं नाही.

त्या दिवशी खाली उतरून मी रिक्षा शोधत उभी होते. ऊन उतरलं होतं. सहज वर बघितलं तर बाई गॅलरीत आल्या होत्या. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. दोरीवर एकच साडी वाळत होती, ती त्यांनी काढली. साडीची घडी घालायला दोन माणसं लागतात. त्यांनी एक टोक हनुवटीखाली धरलं, हात ताणून दुसरं टोक जमेल तेवढं लांब नेलं, आणि काठाला काठ जुळेपर्यंत तशाच मान खाली घालून उभ्या राहिल्या. मग घडी हातावर टाकून आत गेल्या.